दाराबाहेरचे पेपर

अनंत परुळेकर सरांनी आयुष्यभर एकच गोष्ट घसा कोरडा करून सांगितली: निरीक्षक म्हणजे माणूस नव्हे. ते गिरगावातल्या कॉलेजात फिजिक्स शिकवत. मोजण्याआधी इलेक्ट्रॉन अमुक जागीच आहे असं म्हणता येत नाही, मोजला की एका जागी सापडतो, इथवर गाडी आली की मागच्या बाकावरून कोणीतरी हटकून विचारी, "म्हणजे सर, आपण बघितलं नाही तर तो नसतोच?"

सर करवादत. "तुझ्या बघण्याचं काय घेऊन बसलास रे? फोटोग्राफीच्या काचेवर इलेक्ट्रॉनचा ठिपका उमटला की झालं मोजमाप. खोलीत चिटपाखरू नसलं तरी चालतं!"

चाळीत राहणाऱ्या माणसाला असं बोलणं परवडतं. तिथे दारं दिवसभर उघडी. सर नुसते शिंकले तरी पलीकडच्या खोलीतून त्यांच्या बायकोकडे, वसुधावहिनींकडे, चौकशी व्हायची. सरांना त्याचा भारी वैताग. म्हणून निवृत्तीनंतर त्यांनी बोरिवलीत ब्लॉक घेतला. शांतता हवी होती, ती मिळाली. मग वहिनी गेल्या आणि शांतता जरा जास्तच झाली. मूलबाळ नव्हतं.

सवयीने सर दार उघडं टाकून बसत. समोरच्या उत्तराबाई एकदा म्हणाल्या, "काका, दार लावत जा ना. चोऱ्या किती होतायत!" बाईंनी भल्यासाठीच सांगितलं. सर त्या दिवसापासून दार लावू लागले.

शहाऐंशी साली, गणपतीच्या तोंडावर, सरांना ताप भरला. बिल्डिंगमधले कोकणवाले गावी गेलेले. सर काही गेले नव्हते. वहिनींशिवाय गावच्या घरात पाऊल टाकायला मन धजत नव्हतं. फोनसाठी नाव नोंदवलेलं, पण नंबर लागला नव्हता. एकदा दाराकडे निघाले ते घेरी येऊन मोरीपाशीच बसले. हाक मारली, तर ती त्यांची त्यांनाच धड ऐकू आली नाही.

तरी सर निर्धास्त होते. पेपरवाला दाराबाहेर पेपर टाकत होता. पेपर साठतील, कोणाच्या तरी नजरेस पडतील, बेल वाजेल. काचेवर ठिपके उमटत होतेच की.

सकाळी पेपर पडल्याचा आवाज येई. थोड्या वेळाने समोरचं दार उघडे, पावलं जवळ येत, पेपर उचलल्याची सळसळ होई. सर उशीवरून मान उचलत. आता बेल. पावलं मागे फिरत आणि समोरचं दार लागे. रोज तेच. फुकटात पेपर वाचायला मिळतोय मेल्यांना, म्हणून सर आधी चिडले. मग एका सकाळी ते हमसून हमसून रडले. वहिनी गेल्या तेव्हासुद्धा इतकं रडू आलं नव्हतं.

ताप आपला आपणच उतरला. भिंतीला धरत सरांनी दार उघडलं, तर समोर पिशवी घेऊन उत्तराबाई.

"अगंबाई, काका! आलात गावाहून?" त्या लगबगीने आपल्या घरात गेल्या आणि पेपरांची चळत घेऊन आल्या. "रोज आठवणीने उचलून ठेवले हं मी. दाराशी साठले की चोरांना लगेच कळतं ना, घरात कोणी नाही ते."

सरांनी चळत हातात घेतली. ठिपका उमटला होता. माणसाने तो वाचलाही होता. घरात कोणी नाही, असा.

"किती वाळलात हो! गावचं पाणी मानवलं नाही वाटतं?"

बाईंचा चेहरा मायेने भरलेला होता. सरांना काही सांगवेना.

"हो ना," ते म्हणाले. "आत्ताच येतोय."

पेपर छातीशी धरून ते आत जाऊन खुर्चीत बसले. दार तेवढं त्यांनी लावलं नाही.