सिस्टरबाईंची स्कूटर आणि पुनमचंदचा टेम्पो

सिस्टरबाईंची स्कूटर आठ वर्षं बंद होती, पण लायसन चालू होतं. मुदत संपत आली की त्या हिंगोलीला जायच्या, फोटो काढायच्या, नवं करून आणायच्या. गल्लीतल्या बाया विचारायच्या, "गाडी चालत न्हाई तं लायसन काहून?"

"लायसन माझं हाय, गाडीचं न्हाई."

त्यांचं नाव लक्ष्मीबाई, पण ते फक्त रेशनकार्डावर. तीस वर्षं त्यांनी सात गावांत नर्सचं काम केलं, तेही गिअरच्या निळ्या स्कूटरवर, पदर खोचून. आवाज आला की सुईच्या भीतीनं लेकरं कडब्यात लपायची. आता ती लेकरं मिशा वाढवून पानटपरीवर उभी असतात, पण सिस्टरबाई समोरून आल्या की हात आपोआप दंडावर जातो. त्यांचं बोलणं अजून दवाखान्यातलंच आहे. चहासुद्धा अशा सांगतात, "अर्धा कप, गरम, जेवण झाल्यावर."

रिटायर झाल्या त्याच वर्षी त्यांचा हात मोडला. स्कूटर गोठ्यात गेली आणि तिथंच राहिली. मग वारंगा फाट्यावर बीपीच्या गोळ्या आणायला जायचं तर ऑटो. ऑटो भरल्याशिवाय हलत नाही, आणि भरला की सिस्टरबाईंना जागा नाही. गेल्या महिन्यात दीड तास उभ्या राहून परत आल्या आणि चप्पल काढता काढता म्हणाल्या, "तीस वर्ष मी लोकायच्या दारी गेले. आता गोळीसाठी एकेकाला 'नेता का रे बाबू' म्हणू?"

दुसऱ्या दिवशी स्कूटर गोठ्याबाहेर होती.

फाट्यावरून तातेराव मिस्त्री आला. तातेराव तंबाखू डाव्या गालात ठेवतो आणि सगळी भाषा उजव्या गालातून काढतो. शिवाय वय चाळीस असलं तरी यादीतला आहे, म्हणजे लहानपणी कडब्यात लपणाऱ्यांतला. त्याने दोन दिवस काम केलं. उंदराचं घरटं काढलं, कुजक्या वासाचं जुनं पेट्रोल ओतून दिलं, कार्बोरेटर धुतला, प्लग आणि वायर नव्या टाकल्या. सिस्टरबाई शेजारी स्टूल टाकून बसल्या होत्या.

"तातेराव, बाही वर कर. ऑइल लागून राहिलं."

त्याने बाही वर केली आणि दचकून दोन पावलं मागं सरकला. मी, त्यांच्या शेजारची पोरगी, भिंतीवर बसून पाहत होते, हसून हसून खाली पडायची राहिले.

इकडे पुण्याहून त्यांच्या पोराचा, धम्मानंददादाचा फोन. दादा गावात असतो तेव्हा आमच्यासारखंच बोलतो, पण फोनवर पुण्याचा होतो. "अगं आई, जरा प्रॅक्टिकल विचार कर ना. मी पुनमचंदला सांगितलंय, तो शनिवारी घेऊन जाईल."

पुनमचंद म्हणजे भंगारवाला.

बराच वेळ वाद झाला. शेवटी ठरलं, की शनिवारी सिस्टरबाईंनी स्वतः स्कूटर चालवत फाट्यापर्यंत सहा किलोमीटर जाऊन तिथून दादाला व्हिडिओ कॉल करायचा. पोचली तर स्कूटर त्यांची. मधे बंद पडून राहिली तर पुनमचंदची.

शनिवारी सकाळी तातेरावनं स्कूटर एका अंगावर आडवी केली, सरळ केली, कीक मारली. खर्र. खर्र. भुस्स. पुन्हा कीक. सातव्या कीकला टर्र-टर्र-टर्र! निळा धूर गल्लीभर झाला. समोरच्या ओट्यावर दाढी करत बसलेले माऊलीकाका दंडाला हात लावून म्हणाले, "अरे बापरे, आल्या."

सिस्टरबाईंनी हेल्मेट घातलं, पदर खोचला आणि निघाल्या. मागं तातेरावची मोटारसायकल, त्यावर मागच्या सीटला मी. आणि आमच्या मागं पुनमचंदचा रिकामा टेम्पो, हळूहळू, नवरीमागं वऱ्हाड यावं तसा.

दीड किलोमीटरवर स्कूटर भुक-भुक करून थांबली.

तातेरावनं प्लग काढला, पुसला, फुंकला, लावला. कीक. चालू! अर्धा किलोमीटर गेली, पुन्हा भुक-भुक. टेम्पो येऊन शेजारी उभा राहिला. पुनमचंदनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं. त्याचं बोलणं हिंदी-मराठी सरमिसळ आणि आवाज मधासारखा. "बाई, इथंच उचलू का? परत ढकलत न्यायची तकलीफ काहून?"

"नाडी चालू हाय," सिस्टरबाई म्हणाल्या. "हात लावायचा न्हाई."

त्यांनी हेल्मेट काढलं. "तातेराव, पेट्रोल?"

"काठोकाठ हाय, बाई."

"दाखव."

त्याने सीट उचलून टाकीचं झाकण फिरवलं. फुस्स! टाकीनं श्वास ओढल्यासारखा आवाज आला. सिस्टरबाईंनी बोट वर केलं. "ऐकलं?"

तातेराव म्हणाला, "काय?"

"काचेच्या बाटलीतून सलाईन देत होतो तवा बाटलीला दोन सुया लावायच्या. एक सलाईनची, एक हवेची. हवेची विसरलं का जराक येळ थेंब पडायचे, मग बंद. बाटली भरलेली, पेशंट कोरडा. हवा आत गेल्याशिवाय औषध खाली उतरत न्हाई. ह्या टाकीला हवा कुठून जाते?"

तातेरावनं झाकण उलटं केलं, सुलटं केलं. मग तंबाखू थुंकला. पहिल्यांदाच त्याचं बोलणं दोन्ही गालांतून आलं. "झाकणाला बारीक भोक असतंय, बाई."

भोक होतं, पण कुंभारीण माशीनं मातीनं पक्कं लिंपून टाकलेलं.

"दोन दिवस काय पुसलं मग?"

"वरून पुसलं व्हतं..."

"वरून पुसून जखम बरी होते व्हय?"

सिस्टरबाईंनी बांगडीत अडकवलेली सेफ्टी पिन काढली, चष्मा वर केला आणि माती टोकरली. झाकणात फुंकर मारली. ते डोळ्यासमोर धरून आभाळाकडे पाहिलं. "उजेड दिसून राहिला. लाव."

एकाच कीकला चालू झाली. पुनमचंदचा चेहरा पडेल असं मला वाटलं होतं, पण तो टेम्पोचा हॉर्न वाजवत सुटला. पुढचे चार किलोमीटर टर्र-टर्र आणि पों-पों. सोयाबीनच्या रानातल्या बाया उभ्या राहून पाहत होत्या, त्यातली एक ओरडली, "सिस्टरबाई! पुन्हा ड्युटी लागली का?"

"लागली!"

फाट्यावर ट्रकांच्या रांगेशेजारी त्यांनी स्कूटर उभी केली, इंजिन चालूच ठेवलं आणि फोन लावला. दादा इंजिनचा आवाज ऐकूनच एकदम गावाकडचा झाला.

"माय, खरंच पोचलीस तू?"

"पोचले. बोल आता."

"काय बोलू? तुझी गाडी. पण हळू चालव. आन कुठं जायचं आसलं तं मला आधी इचारत जा."

"गाडीवर फोनवर बोलू न्हाई," सिस्टरबाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

मेडिकलमधून गोळ्या घेतल्या, पिशवी हँडलला अडकवली, गिअर टाकला. गावाकडे वळायच्या ऐवजी स्कूटर कळमनुरीच्या रस्त्याला लागली.

पुनमचंद म्हणाला, "अरे, आता कुठं चालल्या ह्या?"

तातेरावनं नवीन तंबाखू डाव्या गालात ठेवला. "तूच जाऊन इचार. माझ्यात हिंमत न्हाई."