बाबांच्या फोनमधली गर्दी

माझे बाबा पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांत पेटी वाजवायचे. हिवाळा लागला की वडशाहून त्यांची मंडळी गावोगाव निघायची. आता बोटं आखडतात, म्हणून ते घरीच असतात. जुन्या सोबत्यांचे फोटो पाहता यावेत म्हणून मी त्यांना एका साइटवर खातं उघडून दिलं. मी चंद्रपुरात मोबाइलच्या ॲपचे स्क्रीन डिझाइन करते, म्हणजे हे काम माझंच.

एक दिवस त्यांचा फोन आला. "बाई, माह्या फोनमंदी बजार भरला व! फोटो पाहाले जातो तं कोनी साबन विकून राह्यली, कोनी नाचून राह्यली. काय दाबू सांग."

साइट नव्यानं सजली होती. आधी एक चित्र आणि खाली एक ओळ असायची. आता वर बटणं, खाली बटणं, लाल ठिपके, मधेच जाहिरात. मला हसता येईना. ऑफिसात मीही गिऱ्हाइकांच्या हट्टापायी असलेच स्क्रीन भरत होते.

दोन दिवसांनी आईचा फोन आला. "तुह्या बाबानं घरातलं बोलनं साऱ्या दुनियेले दाखवलं."

बाबांनी भलतंच बटण दाबून फोन तांदळाच्या डब्याला टेकवला होता आणि लाइव्ह चालू झालं होतं. पेटी पुसता पुसता ते आईला सांगत होते, "त्याच्यावानी गळा आपल्याकडे कोनाचाच नव्हता. भर मंडपात मीच त्याले तोडून बोललो. चूक माहीच होती."

हे त्यांच्या मंडळीतल्या गायक नटाबद्दल होतं. त्या बोलण्यानंतर तो मंडळी सोडून गडचांदूरला मुलाकडे राहायला गेला. दोघांत पुन्हा शब्द नाही.

बाबा ओशाळले. रविवारी मी घरी गेले तर त्यांनी फोनच माझ्यापुढे सरकवला. "काढून टाक सारं. मले नाई पायजे."

मी म्हटलं, "तुम्हाला नेमकं काय पाहिजे, तेवढं सांगा."

थोडा विचार करून ते म्हणाले, "फोटो दिसावा. कोनी काई लिहिलं तं वाचता यावं. बस."

त्याच साइटचं एक साधं, हलकं रूप स्वस्त फोनांसाठी मिळतं. ते टाकलं, अक्षरं मोठी केली. पडदा पांढरा, मोकळा झाला. आणि पहिल्याच ओळीत एक निरोप दिसला. लाइव्हच्या दिवशीच आलेला, अनोळखी खात्यांच्या कप्प्यात पडलेला. जुन्या गर्दीत तो कप्पा मलाही सापडला नसता.

'पेटीची पट्टी खाली घेशीन तं येतो. गळा आता वर जात नाई.'

बाबांनी तो स्वतः वाचला, बोट ठेवून. मग चष्मा काढून ठेवला. आईनं विचारलं, "काऊन जी, काय लिहिलं?" "गडचांदूरवाल्याचा निरोप आहे," बाबा म्हणाले. उठले, पेटी पुढ्यात घेतली आणि मला म्हणाले, "हे ऐकाले पाठवता येते का?"

खालच्या पट्टीतले चार सूर मी रेकॉर्ड करून पाठवले.

पुढच्या आठवड्यात तो गायक चांदा फोर्टवरून गाडीनं आला. बाबा तासभर आधीच वडशाच्या फलाटावर उभे. तो उतरला. मग बाबांनी त्याच्या हातातली पिशवी घेतली आणि म्हणाले, "चाल, मासोळी रांधली आहे."