गाडीला राहिलेली किल्ली

गोंदियाजवळच्या नागऱ्याच्या एका गल्लीत घरांची यादी करत होते तेव्हा फोन आला. आमच्या ऑफिसातले बिसेन होते. "मॅडम, कुमरे सर गेले. पहाटे... झोपेतच." मी ज्या अंगणात उभी होते तिथली बाई दारात थांबली होती, कारण घरात माणसं किती हे मी तिला नुकतंच विचारलं होतं. माझा चेहरा पाहून तिनं खुर्ची पुढे केली, पाणी आणून दिलं आणि काही न विचारता म्हणाली, "राहू द्या जी, उद्या या." मी पाणी प्यायले आणि म्हटलं, नाही, आजच लिहू. अर्धवट सोडलेलं घर कुमरे सरांना चालत नसे. ते घर पूर्ण केलं, डोळे पुसले आणि मग सरांच्या गावाची, सालेकशाची वाट धरली.

झनकलाल कुमरे हे नाव कधी पेपरात आलं नाही, पण त्यांनी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं आयुष्यभर पेपरात येत राहिली. देशात किती लोकांना काम आहे आणि किती जण बेकार आहेत, हा आकडा आपण चहा पिता पिता वाचतो. तो दिल्लीत कुणी मनाने मांडत नाही. आमच्यासारखे लोक नेमून दिलेल्या गावात जातात, घरं मोजतात, त्यातली काही घरं ठरलेल्या पद्धतीनं निवडली जातात आणि मग त्या घरातल्या एकेका माणसाला मागच्या सात दिवसांचा हिशोब विचारला जातो. गावात आम्हाला 'सर्व्हेवाले' म्हणतात आणि घरकुलासाठी आले असं समजून आधी खुर्ची देतात, नंतर खरं कळलं की चहा विसरतात. सर जंगलपट्ट्यातल्या गोंड कुटुंबातले, लहानपणी तेंदूपत्ता तोडलेले, घरातले पहिले सरकारी नोकर. उंच, सडपातळ, शर्टाचं वरचं बटण उन्हाळ्यातही लावलेलं. मोटारसायकल इतकी हळू चालवत की सायकलवाले पुढे निघून जात. तसे शांत, पण कुणी 'अंदाजे' म्हटलं की चिडायचे. "अंदाजे लिहाचं होतं तं मी घरीच बसलो असतो ना!" हे वाक्य मी शंभरदा ऐकलंय.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते सात-आठ वर्षांपूर्वी, गोंदियाकडच्या गोरेगावला, आमच्याच अंगणात. आमचं घर निवडीत आलं होतं. शेजारच्या काकू रुसल्या, "आमचं काऊन नाही?" सर म्हणाले, "बाई, धानाच्या पोत्यात व्यापारी नळी खुपसते अन् मूठभर दाणे काढते. कोणता दाणा हाती येईल ते त्याच्या हाती नसते." काकूंचं समाधान झालं नाही, पण त्या बसून राहिल्या नाहीत एवढं खरं. माझे बाबा गवंडीकाम करतात. काम काय असं विचारलं, तर त्यांनी ताठ मानेनं सांगितलं, "मिस्त्री हाये मी." सरांनी एकेक दिवस विचारत नेलं... काल? परवा? सोमवारी? आणि बाबांचा आवाज बारीक होत गेला, कारण त्या आठवड्यात दोनच दिवस काम लागलं होतं. सर मान खाली घालून लिहीत होते. त्यांनी 'अरेरे' म्हटलं नाही, म्हणून बाबांना ते आवडले.

मग माझी पाळी आली. माझ्याऐवजी बाबांनीच उत्तर दिलं, "पोरगी घरीच राहते. बीए झाली. सोयरीक पाहून राहिलो." हे खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं. दोन वर्षं मी मैत्रिणीच्या मोबाइलवरून नोकरीचे फॉर्म भरत होते, हळदीकुंकवाचं नाव सांगून गोंदियाला परीक्षा देऊन येत होते. तिरोड्याकडच्या एका स्थळानं 'नोकरीच्या मागे लागलेली पोरगी नको' असं स्पष्ट सांगितलं होतं आणि बाबांचा जीव त्या स्थळात अडकला होता. मी खाली बघत उभी होते. तेवढ्यात सर खिसे चाचपू लागले. "दादा, किल्ली गाडीलेच राहिली वाटते. जरा आणता का? माहा गुडघा दुखून राहिला." गाडी कडुलिंबाखाली, वीसेक पावलांवर. बाबा गेले. सर माझ्याकडे वळले आणि हवापाण्याचं विचारावं तसं विचारलं, "मागच्या सात दिवसांत काम शोधत होती का, बाई? भेटलं असतं तं केलं असतं?" मी "हो" म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा ते मोठ्यानं म्हटलं. त्यांनी कुठे, कसं, एवढंच विचारून लिहून घेतलं. बाबांना यायला बराच वेळ लागला. मग घुंगराचा आवाज आला, कारण त्या किल्लीला पितळेचं एक घुंगरू होतं, आणि सर लगेच आईकडे वळले.

ते गेल्यावर मला चैन पडेना. माझं गुपित आता सरकारदरबारी गेलं, मग घरात कशी लपवू? संध्याकाळी बाबा हातपाय धूत असताना मी सगळं सांगून टाकलं. ते ओल्या हातांनीच वळले. मग म्हणाले, "सरकारले सांगतं अन् बापाले नाही?" एवढंच. ते स्थळ मागे पडलं. पुढच्या वर्षी याच सर्व्हेसाठी कंत्राटी जागा निघाल्या, आणि त्या परीक्षेला मला गोंदियाला सोडायला बाबा स्वतः आले.

निवड झाल्यावर ऑफिसात कुमरे सर दिसले तेव्हा मी हरखून गेले. त्यांनी ओळख दाखवली नाही. मला शिकवायला म्हणून ते सालेकशाच्या पुढच्या एका गावात घेऊन गेले. मोहाची फुलं पडायचे दिवस होते. सरांनी गाडी लांब झाडाखाली लावली आणि किल्ली तशीच सोडून चालू लागले. मी नवी, तत्पर! "सर, किल्ली राहिली!" म्हणत ती काढून त्यांच्या हातात दिली. दुसऱ्या घरीही तेच केलं. तिसऱ्या घराजवळ ते थांबले. "मॅडम, तुमी लय हुशार. पण आता किल्ली गाडीलेच राहू द्या." त्या घरात नवराच सगळं बोलत होता आणि बायकोचं विचारलं तर म्हणाला, "ते काही नाही करत, घरीच राहते." बायकोनंही मान हलवली, "हो जी, घरीच राहतो." सरांचा हात खिशाकडे गेला, गुडघा दुखू लागला, नवरा किल्ली आणायला निघाला. सर तिच्याशी गोंडीत दोन शब्द बोलले, ती हसली. "कालपासून सांग. काल उठली, मंग?" आणि ती बोटं मोजत एकेक दिवस मागे गेली... मोहा वेचला, वाळवला, बाजारात विकला, एक दिवस दुसऱ्याच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, मजुरी. सात दिवसांत एक तास जरी काम असलं तरी आम्ही ते काम धरतो, इथे तर दिवसच्या दिवस होते. घुंगरू वाजलं तेव्हा तिचा आठवडा पूर्ण झाला होता, आणि घरी राहणाऱ्या त्या बाईनं नवऱ्यापेक्षा दोन दिवस जास्त काम केलं होतं.

मी मात्र तिथेच खिळले. आमचं अंगण, कडुलिंब, दुखरा गुडघा! परतीच्या वाटेवर मी मागून ओरडले, "सर, माझ्या बाबांनाही तुम्ही असंच पाठवलं होतं ना?" ते म्हणाले, "मले घरं आठवत नाहीत, मॅडम." मग बरंच पुढे गेल्यावर, "आपल्या कामात घरं विसराच लागतात. लोकं आपल्याले सांगतात, गावाले नाही." शेवटपर्यंत त्यांनी कबूल केलं नाही. पण दर महिन्याला एकदा तरी विचारत, "मिस्त्री बरे हायेत ना?" आणि बाबा मिस्त्री आहेत हे मी ऑफिसात कुणालाही सांगितलं नव्हतं.

एकदा वरून शंका आली की या गावात काम करणाऱ्या बाया इतक्या कशा? सर रागावले नाहीत. परत गेले, पुन्हा विचारलं आणि तीच उत्तरं घेऊन आले. दोन वर्षांपूर्वी ते निवृत्त झाले. मागच्या पोळ्याला भेटले तेव्हा बांधावर बसून पेपर वाचत होते. बेकारीचा आकडा आला होता. त्यावर बोट ठेवून म्हणाले, "यात आपली गावं हायेत." मोठ्या समाधानानं म्हणाले. ती आमची शेवटची भेट.

ते गेल्यावर काही दिवसांनी मी बाबांना घेऊन त्यांच्या घरी गेले. सरांच्या पत्नीनं किल्लीचं ते घुंगरू माझ्या हातावर ठेवलं. परतताना बसमध्ये मी बाबांना किल्लीची गोष्ट सांगितली. वाटलं, चकित होतील. ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मले माहीत होतं." मी वळले. "गाडीवरून उतरताना पाहिलं ना मी त्याले. उतरला, किल्लीकडे पाहिलं, अन् सोडून आला. इतकं नेमानं लिहिणारा माणूस किल्ली विसरते का?" पुढे म्हणाले, "म्हटलं, पोरीले काही सांगाचं असन, माह्यासमोर सांगत नसन. घुंगरू मुठीत दाबून उभा राहिलो. झालं असन असं वाटलं, तवा हलवलं." मला रडू आलं, आणि हसूही. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "चांगला माणूस होता तो."

आता एकेका घरी लागोपाठ चार महिने जावं लागतं. हातात टॅब असतो, माझी स्कूटी सरांच्या गाडीपेक्षा जोरात पळते, पण तिच्या किल्लीला सरांचंच घुंगरू आहे. मागच्या आठवड्यात सालेकशाकडच्या एका घरात सासरेच सुनेची उत्तरं देत होते. मी पर्स चाचपली. "बाबाजी, किल्ली गाडीलेच राहिली जी." म्हातारबा उठले, सावकाश गेले. सून पदराचं टोक पिळत उभी होती. मी दाराबाहेर पाहिलं. ते स्कूटीजवळ पोहोचले होते, किल्ली त्यांच्या मुठीत होती, आणि आमच्याकडे पाठ करून ते झाडाकडे बघत उभे होते. घुंगरू अजून वाजलं नव्हतं. मी सुनेला म्हटलं, "सांग बाई. कालपासून सांग."