एरंडेलाच्या शनिवारी मालती उठली नव्हती

"फ्लूच्या साथीत बाबांनी आम्हांला एरंडेल पाजलं, आणि शेवटी आईलाच भर तापात उठून सगळं निस्तरावं लागलं!" असे आमची कन्या सुमन प्रत्येक लग्नकार्यात सांगते. या विधानाचा पूर्वार्ध खरा आहे. उत्तरार्ध ही शुद्ध बदनामी आहे!

सत्तावन्न सालच्या त्या साथीत आम्ही बंगलोरला, बसवनगुडीत राहत होतो. मी पुण्याहून येऊन तिथल्या एका सरकारी कारखान्यात यंत्रांचे नकाशे काढत असे. माझी पत्नी मालती तापाने फणफणली, तेव्हा डॉक्टरांनी बजावले, "छाती भरली आहे. आठ दिवस अंथरूण सोडायचं नाही. मुलांना जवळ येऊ द्यायचं नाही." मी रजा टाकली आणि तिच्या दाराशी उभा राहून शब्द दिला, "तू उठायचं नाहीस. सुमन सहा वर्षांची, विजू तीन वर्षांचा. दोघांचं सारं मी पाहीन."

"अहो, पण तुम्हांला दूध तापवता येतं का?"

"मी यंत्रांचे नकाशे काढतो, मालती!"

(दूध उतू गेले. परंतु तो आजचा विषय नव्हे.)

चार दिवस घर उत्तम चालले. पाचव्या दिवशी शनिवार उजाडला आणि शेजारच्या चंद्राक्का कुंपणाशी आल्या. त्यांचे मराठी घराणे कित्येक पिढ्यांपासून बंगलोरचे. त्यांनी कोमट एरंडेलाची वाटी पुढे केली.

"अण्णा, आज शनिवार की हो! मुलांसाठी आणलंय. उष्णता उतरते बघा."

मी पुण्याचा. आमच्याकडे एरंडेलाचा उपयोग एकच, आणि तो पोटातून होतो! अधिक चौकशी करणे मला कमीपणाचे वाटले. (चंद्राक्कांची चारही मुले त्या वेळी पायरीवर, तेलाने निथळत, उन्हात बसली होती. हा पुरावा माझ्या नजरेतून निसटला, हे मी मान्य करतो.) मी सुंठीचा काढा केला, त्यातून सुमनला एरंडेलाचे दोन चमचे पाजले, विजूला एक; आणि विजूने दुसऱ्या चमच्याला तोंड घट्ट मिटले, तेव्हा उदाहरण घालून देण्यासाठी उरलेली वाटी स्वतः प्यालो.

घराला शौचकूप एकच होते, परसाच्या टोकाला.

"बाबा, लवकर!" सुमन दार बडवू लागली.

"रांगेने!" मी आतून गर्जलो.

"विजूचं झालंसुद्धा!"

"कुठे?"

"तुळशीपाशी!"

इतक्यात खिडकीतून मालतीचा क्षीण आवाज आला, "अहो, काय चाललंय? मी उठू का?"

"मुळीच नाही! मुलं खेळताहेत!"

"मग तुम्ही का कण्हताय?"

"मीही खेळतोय!"

आरडाओरडा ऐकून चंद्राक्का धावत आल्या. सुमनने सारी हकिकत सांगितली. (ती तेव्हापासूनच सांगत सुटली आहे!)

"अय्यो देवा! पाजलंत? अण्णा, ते डोक्याला चोळायचं, मग न्हाऊ घालायचं! दर शनिवारी घालतो की आम्ही! सरी, असू दे, मी मुलांना धुते. तुम्ही स्वल्प वेळ आतच बसा."

दुसरा पर्याय मला नव्हताच. खिडकीपलीकडे मालती हसत होती, हसता हसता खोकत होती. "हसू नकोस, छाती भरली आहे!" असे मी दाराआडून ओरडलो. त्यावर ती अधिकच हसली.

सुमनच्या मते मालती याच वेळी उठली. तिने चूल पेटवली, पेज केली आणि आम्हां तिघांना भरवली. खुद्द मालतीला विचारावे, तर ती पदर तोंडाला लावून आत निघून जाते. म्हणून तिची साक्ष मी धरीत नाही. चंद्राक्का मुलांना धुऊन, पुसून, माझ्याकडे न पाहता घरी गेल्या होत्या. दिवेलागणीला दोन्ही मुले स्वयंपाकघरात माझ्या अंगावर रेलून निपचित पडली होती. चुलीवरचे पातेले सोडून मला तीनदा परसात धावावे लागले. तरीही ती पेज मीच केली, मीच भरवली आणि एक वाटी मालतीच्या दाराशी मीच ठेवली. माझा शब्द मोडला नाही!

पुरावा हवा असेल, तर तो सुमनही नाकारू शकत नाही. मालतीच्या हातून आजवर एकही पदार्थ बुडाला लागलेला नाही. आणि ती पेज तळापासून वरपर्यंत करपलेली होती.