आतोबांच्या मीठ-मिरीच्या चक्क्या

चौकोनी लाकूड माझ्या आतोबांना बघवतच नसे. आत्याचे हे यजमान वालीवच्या एका कारखान्यात लेथवर बसत आणि मीठ-मिरी दळायच्या, परदेशी जाणाऱ्या वीतभर लाकडी चक्क्या कातत. वरची टोपी फिरवली की खालून चिमूटभर पूड पडायची. ती चक्की जेवताना वापरणारा एकही माणूस त्यांनी जन्मात पाहिला नव्हता, पण तिच्या कमरेला बाक किती हवा यावर ते तासभर बोलत. कोणाकडे गेले की बसण्याआधी खुर्ची उलटी करून तिचे पाय चाचपत. विरारला आमच्या नव्या घरी आले तेव्हा चहा निवत ठेवून दाराची चौकट हुंगत उभे राहिले. "वहिनी, साग म्हणून फसवलंय तुम्हाला," एवढं सांगून त्यांनी वास्तुशांतीवर पाणी ओतलं आणि भेट म्हणून चक्क्यांची जोडी दिली. आईने एकीची टोपी काढून तिच्यात उदबत्त्या खोचल्या.

कारखाना बंद पडला, तसे ते जुना लेथ घेऊन आगाशीला घरी आले. गिऱ्हाईक एकही नव्हतं, तरी चक्क्या होतच राहिल्या. ओटीवरचा भुसा झाडताना आत्या म्हणे, "अहो, एखादं पोळपाट तरी करा!" ते करत नसत.

मग आत्याला रक्तदाब निघाला. डॉक्टरांनी मीठ तोडलं आणि तिने जेवणच टाकलं. "अळणी गिळण्यापेक्षा उपाशी बरी," म्हणून ती भिंतीकडे तोंड करून निजे. आतोबा चार दिवस लेथवरून उठले नाहीत. पाचव्या दिवशी त्यांनी तिच्या ताटाशी फणसाच्या लाकडाची पिवळीधमक चक्की ठेवली. आतली चाकं त्यांनी इतकी घट्ट बसवली होती की दहादा टोपी फिरवावी तेव्हा चार कण पडत.

"घे, वाटेल तेवढं घे," ते म्हणाले.

आत्या दोन्ही हातांनी पिळत बसली, दमली, हसायला लागली आणि जेवली. पुढे पक्षाघाताने तिचा डावा हात गेला. तेव्हापासून ती उजव्या हाताने चक्की धरी आणि आतोबा टोपी फिरवत. एरवी त्या दोघांना इतकं जवळ बसलेलं मी कधी पाहिलं नाही.

दोन वर्षांत आत्या गेली. काही महिन्यांनी मी आगाशीला गेलो, तर लेथवर गोणपाट टाकलेलं. आतोबांनी स्वतः तांदळाची भाकरी आणि वांग्याची भाजी केली होती. पहिल्या घासाला मी मीठ मागितलं. ते उठले, फडताळातले सगळे डबे उघडून पाहिले आणि ओशाळून उभे राहिले.

"ती होती तोवर मीही तिच्याबरोबर अळणीच खायचो रे. तिच्या चक्कीतलं संपलं आणि नंतर आणायचं राहूनच गेलं. थांब, शेजारून आणतो."

वाटी घेऊन ते भर उन्हात पायऱ्या उतरले. ते परत यायच्या आत मी ताटातली भाजी भाकरीने पुसून खाल्ली.