तापलेली वायर

गेवराईतला तो मिस्त्री बॉनेट उघडण्याआधी डोळे मिटून गाडी ऐकतो. माझी भाजीची पिकअप रोज कण्हत, उशिरा सुरू व्हायची; पुन्हा सुरू होईल की नाही या धास्तीनं मी बाजारातही इंजिन चालूच ठेवायचे. दुसऱ्या एका मिस्त्रीनं तर सांगितलं होतं, "बाई, विकून टाका." यानं मात्र मला तीनदा स्टार्टर मारायला लावला आणि खाली बोलावलं.

"ताई, हात लावून बघा. कंची वायर तापली?"

बॅटरीची वायर चॅसिसला, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याला जोडली होती, तिथं चटका बसला. नट गंजला होता, म्हणून करंट तिथंच अडत होता. त्यानं पाना माझ्याच हातात दिला. मी नट खोलला, गंज घासून काढला, पुन्हा आवळला. चावी फिरवताच इंजिन सुरू झालं.

"पुन्हा बिघडली तर?"

"तर काय? मिस्त्री तुमीच हाव की!"

त्या दिवशी बाजारात पोचल्यावर मी इंजिन बिनधास्त बंद केलं.