आतून सगळं हिरवंच दिसतं

दुपारी कुकर उतरवत होते, तेव्हा संजयच्या ऑफिसातून फोन आला. "काकू, तुम्ही हॉस्पिटलात येता का जरा?" ती मुलगी फार जपून बोलत होती. गॅस बंद केला, साडी बदलली, कुलूप ओढून पाहिलं. पोहोचले तेव्हा संजय, माझा धाकटा मुलगा, गेला होता...

मीरा, अमेय, तुमच्या मामाचं काम मला ठाकूरद्वारच्या या दोन खोल्यांत त्याच्या शेजारी बसूनच कळलं. मोठ्या वेबसाइटची कामं छोट्या छोट्या डब्यांत बंद करून बऱ्याच यंत्रांवर वाटलेली असतात. येणारा आधी दाराशी येतो, दार त्याला योग्य डब्याकडे धाडतं. दाराला ओळख पटवणारं सर्टिफिकेट लागतं आणि त्याला मुदत असते. वाट चुकली किंवा मुदत संपली, की लोक संजयला फोन करत. दुरुस्ती झाली की तो मला हाक मारायचा, "आई, मोबाइल घे. वायफाय बंद कर आणि साइट उघड."

"अरे, तुझ्या पडद्यावर सगळं हिरवं आहे की."

"आतून नेहमी हिरवंच दिसतं गं. बाहेरून कोणीतरी बघायला लागतं."

मी "दिसतंय" म्हटलं, की मगच तो जेवायला उठायचा.

शेवटी शेवटी तो काम करताना छाती चोळत बसायचा. डॉक्टरकडे जा म्हटलं, तर म्हणाला, "अ‍ॅसिडिटी आहे. तुझ्या आमटीला नावं ठेवू का?"

"माझ्या आमटीनं अजून कोणी मेलं नाही."

हसला. पुडी पाण्यात टाकून प्यायला आणि पडद्याकडे वळला. स्वतःला मात्र त्यानं बाहेरून कोणाला बघू दिलं नाही.

आपल्या घरच्या फोटोंचं आणि आवाजांचं पान तो कपाटावरच्या तीन छोट्या यंत्रांवर चालवायचा. तुमच्या आजोबांनी म्हटलेली आरती तिथे आहे, संजयचं हसणं आहे, दुसरीकडे कुठेच नाही. तेराव्यानंतर काही दिवसांनी ते उघडेना. लाल इशारा येऊ लागला. अमेय, तू फोनवर विचारलंस, "आजी, आता हेही गेलं का?"

मीरा, मामानं तुला त्या यंत्रांत शिरण्याची परवानगी देऊन ठेवली होती. तू तुमच्या घरूनच बिघाड शोधलास. "आजी, नवीन सर्टिफिकेट आपोआप आलंय, पण दार अजून जुनंच दाखवतंय. दार बंद करून पुन्हा चालू करायचं, तेवढं मामा हातानं करायचा. का, कोण जाणे. हे तर आपोआप होऊ शकतं."

का ते मला ठाऊक आहे असं वाटतं. हातानं दार चालू केलं, की दर वेळी मला हाक यायची.

"पुढच्या वेळेसाठी आपोआप करून ठेवू?" तू विचारलंस.

"नको," मी म्हटलं. "तू हाक मार."

तू दार पुन्हा चालू केलंस. मी वायफाय बंद केलं, पान उघडलं. आरती लागली, मग संजय हसला.

"दिसतंय," मी मोठ्यानं म्हटलं. त्याच्या खुर्चीवरून जेवायला कोणी उठलं नाही.